मदत करणाऱ्याला काय मिळते?

परोपकाराने पुण्य लाभते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पुण्य मोजण्याचे साधन शास्त्राजवळ नाही. आयुर्मान मात्र मोजता येते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टेफनी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२३ वृद्ध दाम्पत्यांची पाच वर्षे पाहणी केली व तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. नातेवाईक, मित्र आणि शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या, तसेच जोडीदाराला मानसिक आधार देणाऱ्या व्यक्तींमध्ये त्या काळात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. केवळ मदत मिळाल्याने मात्र तसा लाभ झाल्याचे दिसले नाही. मुळात धडधाकट माणसेच इतरांच्या उपयोगी पडू शकतात, ही शंका येथे रास्तच आहे. संशोधकांनी आरोग्य, स्वभाव आदी बाबी विचारात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला. तरीही अशा पाहणीवरून कार्यकारणभाव ठामपणे सांगता येत नाही.

त्यासाठी प्रयोग हवा. कॅनडात एलिझाबेथ डन व सहकाऱ्यांनी तो केला आणि २००८ साली प्रसिद्ध केला. ४६ जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देण्यात आले. काहींनी ते संध्याकाळपर्यंत स्वत:वर, तर काहींनी दुसऱ्यासाठी खर्च करायचे होते. दुसऱ्यासाठी खर्च करणारे दिवसअखेर अधिक आनंदी आढळले. रक्कम पाच होती की वीस, याने काही फरक पडला नाही. वीस डॉलर स्वत:वर उधळण्यातच जास्त सुख असेल, असा बहुतेकांचा अंदाज होता, ही त्यातली गंमत! पुढे २०२० साली बऱ्याच मोठ्या गटांवर घेतलेल्या प्रयोगांतही हा परिणाम बहुतांशी दिसला, पण तो माफक होता.

मदत स्वेच्छेने केलेली असणे येथे महत्त्वाचे ठरते. नेटा वाइनस्टाइन व रिचर्ड रायन यांच्या २०१० सालच्या संशोधनानुसार, आपखुशीने साहाय्य करणाऱ्यांनाच समाधानाचा लाभ होतो. दडपणाखाली करणाऱ्यांना तो होत नाही. सक्तीच्या समाजसेवेचे गुण देणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती घरोघरी परिचयाची आहे. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांचा रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांनी अमेरिकेत चार वर्षे अभ्यास केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सेवेचा ताण जाणवणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. शुश्रूषा करूनही ताण न जाणवणाऱ्यांमध्ये मात्र अशी वाढ दिसली नाही. अंथरुणाला खिळलेल्या पतीची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या स्त्रीला 'सेवेतच समाधान असते' असे सांगून उपयोग नाही. आठवड्यातून दोन-तीनदा कोणी रुग्णाजवळ बसले, तर तिला निदान निर्धास्त झोप मिळेल.