हाक आणि ओ

ऊसपट्ट्यातल्या माणसाला चिटबॉय म्हणजे कोण हे सांगावं लागत नाही. साखर कारखान्याचा हा माणूस शिवार फिरतो. कुणाची लागण कधीची, कुणाच्या उसाला तोड आली, याची खबर तो गट ऑफिसला देतो. गावं गट ऑफिसखाली आणि गट ऑफिसं कारखान्याखाली, ही मांडणी संगणकाच्या कितीतरी आधीची.

संगणक आला तो याच मांडणीवर येऊन बसला. १९९८ साली वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी सहकार रुजवला तो हा मुलूख. पुढाकार पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाचा. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून ७० गावं, त्यांत ५४ संगणक केंद्रं. निम्मा खर्च केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, उरलेला वारणेचा. पीकसल्ला, बाजारभाव असे पुष्कळ बेत होते. शेतकरी मात्र मुख्यतः आपल्या उसाचंच विचारायला येई. वजन किती भरलं? खत किती उचललं?

पण ५४ ठिकाणी यंत्रं मांडली की एक नवीच काळजी लागते. यातलं कुठलं चालू आहे आणि कुठलं गप्प पडलंय, हे बसल्या जागी कळायचं कसं? वीज गेली, तार तुटली, मोडेम बिघडला. लांबून पाहणाऱ्याला सगळं सारखंच गप्प दिसतं.

हा प्रश्न जगाला आधीच पडला होता. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘पिंग’. पाणबुडीचा शोध घेणारं सोनार पाण्यात ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं, त्या आवाजावरून हे नाव. आपल्या भाषेत सांगायचं तर एका यंत्रानं हाक मारायची आणि दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ किती वेळानं आली, तेही मोजायचं.

१९८८ मध्ये एसएनएमपी नावाची पद्धत ठरली आणि ही विचारपूस वाढली. आता नुसतं ‘आहेस का?’ एवढ्यावर भागेना. किती माहिती आली, किती गेली, किती चुकली, हे आकडे यंत्र स्वतःजवळ ठेवू लागलं. मधला संगणक ठरावीक वेळानं ते विचारून घेई. काही बिनसलं तर यंत्र आपणहून ओरडण्याचीही सोय झाली. पुढं असल्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं यंत्र कुणाच्या मागं जोडलंय, याची वंशावळ भरता येऊ लागली. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गट ऑफिसची वाट बंद झाली, तर मागच्या २० गावांच्या नावानं २० वेळा घंटा वाजवण्यात काय हशील? दोष एकाच ठिकाणी आहे, हे वंशावळ सांगते.

जाता जाता शब्दाचं एक. ‘खबरदार’ आपण धमकी म्हणून वापरतो. फारसीत त्याचा साधा अर्थ, ज्याच्यापाशी खबर आहे तो. गट ऑफिसचा कारकून आणि हे सॉफ्टवेअर, दोघंही त्या अर्थानं खबरदार.

वारणेत पुढं काय झालं, ते उद्घाटनाइतकं गाजलं नाही. यंत्रं जुनी झाली, निगराणीचा खर्च डोईजड होऊ लागला. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूतल्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. २००७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, नाव ‘वारणा अनवायर्ड’. गावातल्या केंद्राचा संगणक काढून टाकला आणि त्याचं काम मोबाइलवर आणलं. मोबाइलवरून एसएमएस जाई, एका संगणकाला जोडलेला फोन तो घेई आणि उसाचा आकडा उलट पाठवी.

काहींना यात मूळ प्रकल्पाची हार दिसली. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याचा प्रश्न दहा वर्षांपूर्वीचाच होता, त्याला उत्तर मिळत होतं. फक्त गावोगावचे संगणक जागे ठेवण्याऐवजी आता तेवढा एक जागा ठेवायचा होता.