दळणाऱ्या बाईचा अंगठा

इतिहास म्हटलं की राजे आठवतात, लढाया आठवतात, सनावळ्या आठवतात. बी.ए.ला मीही तेच पाठ केलं होतं. आज मी तुम्हाला एका अंगठ्याची गोष्ट सांगणार आहे. बाईच्या पायाचा अंगठा, आणि तोही नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीचा.

हा अंगठा सापडला सीरिया देशात, युफ्रेटिस नदीच्या काठी, अबू हुरेरा नावाच्या ठिकाणी. नदीवर धरण बांधायचं ठरलं होतं. काठावरची गावं बुडणार होती, आणि त्यांच्याबरोबर एक जुनं, पांढरीचं मोठं टेकाडही बुडणार होतं. आपल्यातल्या धरणग्रस्त बायांना हे चित्र नवं नाही. पाणी चढायच्या आत, 1972 आणि 1973 या दोन वर्षांत, अँड्र्यू मूर या संशोधकाने आणि त्याच्या सोबत्यांनी तिथे खोदकाम केलं. त्यांनी उकरलेली माती पाण्यात कालवली. धान्य धुताना पोचट दाणे वर येतात ना, तशा हजारो वर्षांपूर्वीच्या जळक्या बिया वर तरंगल्या. त्या गोळा केल्या, वाळवल्या, ओळखल्या. चुलीत पडून जळलेल्या बियांवरून तिथले लोक काय खात होते ते कळलं.

तिथे एकावर एक दोन गावं होती. खालचं गाव सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचं. तिथे शे-दोनशे माणसं राहत असावीत. नांगर नाही, पेरणी नाही, गुरं नाहीत. दरवर्षी वसंतात गझेल हरणांचे कळप त्या वाटेने जात, त्यांची शिकार व्हायची. गझेल म्हणजे आपल्या चिंकाऱ्याच्या कुळातलं हरीण. बाकी सगळं गोळा करून आणलेलं: रानगहू, रानटी राय नावाचं धान्य, कंद, फळं, गवताचं बी, पाणथळीतल्या वनस्पती. संशोधकांनी मोजलं तर दीडशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींच्या बिया निघाल्या. दीडशे! आज आपल्या स्वयंपाकघरात मसाले धरूनही तेवढे प्रकार भरणार नाहीत.

पुढे हवामान बदललं. थंडी वाढली, पाऊस कमी झाला, रानातलं धान्य विरळ झालं. काही शतकं अशी ओढीची गेली. या ओढीच्या काळात लोकांनी थोडं थोडं पेरायला सुरुवात केली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. कुणी एका सकाळी उठून ‘आता आपण शेतकरी व्हायचं’ असं ठरवलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या हळूहळू होत गेलं. वरचं गाव लागतं ते पुरतं शेतकऱ्यांचं. गहू, जव, मसूर, हरभरा. मातीच्या विटांची चौकोनी घरं, एकाला एक लागून, मध्ये अरुंद बोळ. वस्ती काही हजारांची. पुढे शेळ्यामेंढ्याही आल्या.

शाळेच्या पुस्तकात इथे वाक्य असतं: शेतीचा शोध लागला आणि माणसाचं जीवन स्थिर व सुखी झालं. स्थिर झालं, हे खरंच. सुखी झालं का, हे हाडांना विचारायला हवं.

त्या गावात मेलेल्या माणसांना घरातच किंवा अंगणात पुरत. त्यांची हाडं लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये थिया मॉलेसन या बाईंनी तपासली. दीडशेहून अधिक माणसांचे अवशेष होते. त्यांना दिसलं की कित्येक सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला आहे, कडेने हाड वाढलेलं आहे. गुडघ्यांवर दाब पडल्याच्या खुणा आहेत. पाठीचा एक ठरावीक मणका दबलेला आहे. खांद्याचं आणि दंडाचं हाड दणकट, स्नायू धरण्याच्या जागा ठसठशीत. आधी त्यांना कोडंच पडलं. एकाच माणसाचा अंगठाही दुखतो, गुडघाही दुखतो, कंबरही धरते, असं कोणतं काम?

तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. दळण.

गोल फिरणारं जातं तेव्हा नव्हतं. ते फार उशिरा आलं, जेमतेम अडीच हजार वर्षांपूर्वी. त्याआधी जगभर धान्य दळायची रीत आपल्या पाट्या-वरवंट्याची. फरक इतकाच की तो दगड मोठा, मधे खोलगट झालेला, जमिनीवर ठेवलेला. त्याच्यासमोर गुडघे टेकून बसायचं, पायांचे चवडे मागे दुमडून बोटांवर जोर घ्यायचा, वरचा दगड दोन्ही हातांनी पुढे रेटायचा आणि झटक्याने मागे ओढायचा. पुढे गेलं की सगळं अंग ताणायचं, मागे येताना भार गुडघ्यांवर आणि अंगठ्यांवर. असं रोज, कित्येक तास. आधी कांडायचं ते वेगळंच. आणि दळलेलं पीठ साठवता येत नाही, म्हणून उद्या परत.

आता ही हाडं बाईची की पुरुषाची? मॉलेसनबाईंनी पायाच्या हाडांची मापं घेतली. झिजलेले अंगठे बहुतेक बायकांचे निघाले. काही हाडं तर वयात येणाऱ्या पोरांची होती, त्यांच्या मानेच्या मणक्यांवर डोक्यावरून ओझं वाहिल्याच्या खुणा होत्या. पेरणी कोणी केली, शिकारीला कोण गेलं, हे हाडांवरून इतकं स्पष्ट दिसत नाही. दळणाला कोण बसलं ते मात्र दिसलं. घरात बाईच्या कामाचा हिशोब कुणी ठेवत नाही म्हणतो आपण. तिच्या हाडाने ठेवला होता.

याला जोड देणारा दुसरा अभ्यास 2017 साली केंब्रिज विद्यापीठाने केला. मध्य युरोपातल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं त्यांनी आजच्या मुलींच्या हाडांशी ताडून पाहिली. मुली साध्या नव्हत्या, रोज नाव वल्हवण्याचा सराव करणाऱ्या खेळाडू होत्या. तरी त्या जुन्या बायकांचे दंड 11 ते 16 टक्क्यांनी जास्त मजबूत निघाले. मला हे वाचून पहिल्यांदा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, खेळाडूपेक्षा जास्त राबणाऱ्या त्या बाईला पोटाला काय मिळत होतं?

पोटाला मिळत होतं एकच एक. शेती आली की धान्य वाढलं पण ताट आकसलं. दीडशे जिनसांच्या जागी चार-पाच पिकं आली. अबू हुरेराच्या लोकांचे दात आधी दळणातल्या कचेने झिजत आणि तुटत. पुढे चाळण्या आल्या, मातीची भांडी आली, पेज-लापशी शिजू लागली. दात तुटायचे कमी झाले, पण किडू लागले. मऊ पिठाळ अन्न दातांना चिकटून राहतं, त्याचा हा परिणाम.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात डिक्सन माउंड्स नावाची जागा आहे. तिथले मूळ रहिवासी इ.स. 1150 च्या सुमारास शिकार आणि रानमेव्यावरून मक्याच्या शेतीकडे वळले. त्यांचे आधीचे आणि नंतरचे, दोन्हींचे सांगाडे सापडले, म्हणून तुलना सोपी झाली. लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण आलं की दातांच्या कवचावर आडव्या रेघा उमटतात, त्या पुढे जन्मभर पुसल्या जात नाहीत. मका आल्यावर अशा दातांचं प्रमाण सुमारे दीडपट झालं. कवटीला आणि डोळ्यांच्या खोबणीला बारीक छिद्रं पडतात, त्यांचा संबंध अभ्यासक रक्त कमी असण्याशी लावतात. त्या खुणा चौपट झाल्या.

रक्त कमी असणं हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. गटात हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर लागलं की निम्म्या बायांच्या कार्डावर तेच लिहून येतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. कणगी भरलेली आहे, रेशनचं धान्य घरात आहे, तरी रक्त नाही, हे कोडं आजकालचं नव्हे. धान्याने पोट भरतं. रक्ताला आणखीही काही लागतं, आणि ते काही बऱ्याचदा बांधावर किंवा रानात असतं: टाकळा, कुरडू, करटुली, शेवगा, आळू.

मग तुम्ही म्हणाल, एवढं वाईट होतं तर लोक परत रानात का नाही गेले? याचं उत्तर माझ्या मते पाळण्यात आहे. रानात हिंडणाऱ्या बाईला एका वेळी एकच मूल कडेवर घेता येतं. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या शिकारी लोकांमध्ये अभ्यासकांना दिसलं की दोन बाळंतपणांत साधारण चार वर्षांचं अंतर पडतं. मूल तीन-चार वर्षं अंगावर पितं, आई खूप चालते, त्यामुळे पाळी उशिरा सुरू होते. एका जागी घर झालं, मडक्यात पेज शिजायला लागली, की मूल लवकर तुटतं आणि आई लवकर पुन्हा गरोदर राहते. शेतात हातही हवेच असतात. पाच तोंडांची पंधरा झाली की रान पुरत नाही. परतीची वाट तिथेच बंद झाली.

हे फक्त हाडांवरून बांधलेले अंदाज नाहीत. फिलिपिन्स देशात आग्ता नावाचे लोक आहेत. त्यांच्यातले काही अजून शिकार, मासेमारी आणि रानातल्या अन्नावर जगतात, काही शेतीकडे वळलेत. भाऊबंदच, पण जगणं दोन तऱ्हेचं. संशोधकांनी दोघांकडे राहून नोंदी केल्या. एका ठिकाणी स्थिरावलेल्या बायकांना मुलं जास्त होतात असं दिसलं. पण त्यांच्यात आजारही जास्त आणि मुलं दगावण्याचं प्रमाणही जास्त. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामाचे तास मोजले. रानावर जगणारे आठवड्याला सुमारे 20 तास काम करत होते, शेतीकडे वळलेले सुमारे 30 तास. शेतीत सर्वांत गुंतलेल्या वस्त्यांत बायकांचा मोकळा वेळ जवळपास निम्मा झाला होता. निम्मा! पुरुषांचा वेळ इतका गेला नाही.

रानातलं जिणं म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणत नाही. तिथेही मुलं दगावत होती, साप चावत होते, पाय मोडला तर संपलं. दुष्काळात काय होत असेल ते विचारायलाच नको. आणि शेती नसती तर तुम्ही-आम्ही इतक्या जणी या जगात नसतोच, हा रेडिओही नसता. माझं म्हणणं एवढंच की ‘माणसाने प्रगती केली’ असं वाक्य आलं की विचारावं, माणसाने म्हणजे कोणी? दळलं कोणी, आणि शेवटी जेवलं कोण?

आपल्याकडचं सांगते आणि थांबते. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 पर्यंत तिथे खोदकाम केलं. इसवीसनापूर्वी सुमारे 1600 ते 700, म्हणजे नऊशे वर्षं, तिथे शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं. जव हे मुख्य पीक, शिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट काढला होता, धान्याचं कोठार बांधलं होतं. महाराष्ट्रातले हे फार जुने शेतकरी, आपले पूर्वजच म्हणा.

तिथे दोनशेहून जास्त दफनं सापडली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची आहेत. मूल गेलं की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळाला ठेवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. गावाबाहेर नाही, ओसाडीत नाही, जिथे चूल आहे, जिथे आई झोपते, तिथेच खाली. आईला लेकरू दूर ठेववलं नसेल. दुसरं काही कारण असेलही, पण मला हेच पटतं.

इसवीसनापूर्वी 1000 च्या पुढे तिथले दिवस फिरले. पाऊसपाणी कमी झालं असावं. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, हरणाची शिकार वाढली. नऊशे वर्षांच्या शेवटी लोक निघून गेले. त्यांच्या घरांच्या मातीत धान्याबरोबर बोरांच्या आठळ्याही सापडल्या. बोरं त्या भागात आजही आहेत, आणि वेचणाऱ्याही बायकाच आहेत.