धर्मशाळेपासून सफारी कॅम्पपर्यंत : मुक्काम कोणाचा, मालकी कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यातले टिपेश्वर आता पर्यटनाच्या नकाशावर आले आहे. पांढरकवड्याजवळचे, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतले हे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे जंगल १९९७ साली अभयारण्य झाले. नागपूर-हैदराबाद महामार्ग जवळ, वाघ हमखास दिसतो अशी ख्याती, त्यामुळे प्रवेशद्वारांच्या वाटेवर रिसॉर्ट उभे राहू लागले. या धंद्याचा नमुना आफ्रिकेतला : कापडी तंबू, आत गुबगुबीत पलंग, उघडी जीप, रात्री शेकोटी.

यावर आमच्या कार्यकर्त्यांत दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय घेणे? दुसरा म्हणतो, रोजगार येतोय तर खोडा घालू नका. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. प्रवाशाने उतरायचे कुठे, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीइतकाच जुना आहे.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस, पण शहरात उतरायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोन्ही मित्रांनी घरी घ्यायचे टाळले. शेवटी त्यांनी मुंबईची गाडी धरली. हे सर्वांना माहीत आहे. पण १९२३ चा बोले ठराव आठवताना आपण पाणवठ्यापाशीच थांबतो. त्या ठरावात सार्वजनिक विहिरी आणि पाणवठ्यांसोबत धर्मशाळाही होत्या. पाणी प्यायचा हक्क आणि रात्री पाठ टेकायचा हक्क एकाच ठरावात मागितले गेले होते. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांच्यासोबत हॉटेलचाही स्पष्ट उल्लेख आला. कायद्याने तरी दार उघडले.

पण दार उघडणे वेगळे आणि घर आपले असणे वेगळे. इंग्रजी अमलात साहेब दौऱ्यावर निघाला की मुक्काम विश्रामगृहात किंवा तंबूत. सामान वाहायला गावातला महार, जंगलात वाट दाखवायला आणि हाका घालायला आदिवासी. मोबदला मिळाला तर मिळाला, नाहीतर वेठ. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, पण इथल्या महारांच्या डोक्यावरचे ओझे काही हलके नव्हते.

आफ्रिकेतही असेच घडले. केनियातले ट्रीटॉप्स हे झाडावरचे प्रसिद्ध हॉटेल १९३२ साली गोऱ्यांनी बांधले. १९५२ साली ब्रिटनची राजकन्या तिथे मुक्कामाला असतानाच राणी झाली, ही गोष्ट पर्यटकांना हौसेने सांगतात. दोनच वर्षांनी, १९५४ साली, जमिनीसाठी लढणाऱ्या माऊ माऊ बंडखोरांनी ते जाळले, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. दक्षिण आफ्रिकेत तर १९५३ च्या कायद्याने काळ्यांसाठी आणि गोऱ्यांसाठी सार्वजनिक जागाच वेगळ्या केल्या.

त्याच देशातल्या मकुलेके लोकांचा इतिहास आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावा. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारने त्यांना पाफुरी भागातून हुसकले, त्यांची घरे त्यांच्याच हातांनी जाळायला लावली आणि जमीन क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला जोडली. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर, १९९४ च्या जमीन परतावा कायद्याखाली, त्यांनी दावा लावला. १९९८ साली सुमारे चोवीस हजार हेक्टरची मालकी परत मिळवली. आता पुढचे पाऊल पाहा. ते तिथे नांगर घेऊन गेले नाहीत. जंगल जंगलच ठेवले, उद्यान प्रशासनासोबत संयुक्त व्यवस्थापन केले आणि लॉजचे करार स्वतःच्या सामूहिक संस्थेमार्फत केले. कंपनीने तंबू उभारायचे, पण उत्पन्नातला हिस्सा जमीनमालक समाजाला द्यायचा. यात सगळे गोड नाही. भांडवल बाहेरचे, धंद्याची किल्ली कंपन्यांकडे, पर्यटक आटले की हिस्साही आटतो. तरी करारावर सही करणारा हात मकुलेकेंचा आहे.

टिपेश्वरला हा हात कोणाचा? अभयारण्याच्या आतल्या गावांचे पुनर्वसन झाले. भोवती कोलाम, गोंड, परधान, बौद्ध, बंजारा अशी शेतावर आणि गुरांवर जगणारी वस्ती. वाघाची किंमत हीच माणसे मोजतात. अवनी म्हणून गाजलेल्या टी-१ वाघिणीवर राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या तेरा बळींचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. देशभर हळहळ झाली, मोर्चे निघाले. वाघिणीसाठी हळहळणे आम्हाला गैर वाटत नाही. पण मेलेल्या शेतकऱ्या-गुराख्यांची नावे किती वर्तमानपत्रांना आठवली?

कायदे आपल्याकडेही आहेत. वन्यजीव कायद्यानुसार राष्ट्रीय मंडळाच्या मंजुरीशिवाय अभयारण्याच्या आत व्यापारी लॉज बांधता येत नाही, म्हणून रिसॉर्ट बाहेर, म्हणजे कुणाच्या तरी शेतजमिनीवर येतात. जमीन आदिवासीची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीला विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांतली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे पेसा लागू आहे. आणि २००६ चा वनहक्क कायदा सामूहिक वनहक्काची वाट देतो. त्याच वाटेने गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली हक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. बांबू विकणारी ग्रामसभा पर्यटकाचा मुक्कामही चालवू शकेल. करार कोणत्या अटींवर होणार, एवढाच प्रश्न आहे.

रोजगाराच्या मुद्द्याला आम्ही टाळत नाही. गाईड, जिप्सीचालक, स्वयंपाकी ही कामे प्रतिष्ठेची आहेत आणि आपल्या पोरांनी ती करावीत. पण ज्यांच्या आजोबांनी साहेबाचे सामान वाहिले त्यांच्या नातवाने फक्त पाहुण्याची बॅग उचलावी, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

तेव्हा पहिले काम साधे आहे. आपापल्या गावात रिसॉर्ट ज्या गटावर उभा आहे त्याचा सातबारा काढा. आधीचा मालक कोण होता, जमीन कोणत्या परवानगीने गेली, अकृषिक आदेश कधी झाला, ग्रामसभेत विषय आला होता का, ते पाहा. सामूहिक वनहक्काचा दावा दाखल नसेल तर वनहक्क समितीची बैठक लावा. दाखल असेल आणि उपविभागीय समितीकडे पडून असेल, तर पोच घेऊन लेखी विचारा.