बी आणि जमीन : मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगाची कहाणी



पुण्याच्या नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्याला लागून, मुलींची एक जुनी शाळा आहे. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती, तेथे ती वसली, म्हणून तिचे नाव हुजूरपागा. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक आणि डॉ. भांडारकर यांच्या पुढाकाराने १८८४ साली ती सुरू झाली. या शाळेत शिकलेली एक मुलगी पुढे कर्करोगाच्या संशोधनात नामवंत झाली. तिचे नाव कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. आज आपल्याला बोलायचे आहे ते मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगाविषयी. विषय कठीण आहे खरा, पण कमलताईंची वाट धरली तर तो समजायला सोपा जाईल.

कमलताईंचा जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. त्यांनी स्वतः पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि अभ्यासाला विषय निवडला तो सीताफळ, रामफळ यांच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा! पुढे मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी उंदरांतील स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. झाडांकडून माणसाच्या रोगाकडे जाणे ही उडी वाटते. पण पेशी ती पेशीच. ती कशी वाढते, कोठे रुजते, हाच दोन्हीकडचा प्रश्न.

हा प्रश्न त्यांच्याही आधी साठ वर्षे एका इंग्रज डॉक्टरने विचारला होता. त्यांचे नाव स्टीफन पॅजेट. १८८९ साली त्यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर साऱ्या अंगभर फिरते. मग रोग यकृतात वारंवार आढळतो आणि प्लीहेत क्वचितच, असे का? पॅजेट यांनी उत्तर दिले, ते आपल्या शेतकऱ्याला ताबडतोब पटेल. वाऱ्यावर बी चहूकडे उडते, पण उगवते मात्र मानवेल त्या जमिनीतच.

आता मेंदूकडे वळू. मेंदूत आढळणाऱ्या कर्करोगाच्या सगळ्याच गाठी मेंदूत जन्मलेल्या नसतात. पुष्कळशा बाहेरून आलेल्या असतात. फुप्फुसातून, स्तनातून, मूत्रपिंडातून, किंवा त्वचेच्या काळ्या तिळासारख्या कर्करोगातून. आपल्याकडे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग बहुधा मानेच्या गाठींत पसरतो, मेंदूत क्वचितच. मेंदूत आलेली गाठ ही मूळ गाठीचीच लेक असते. फुप्फुसातील कर्करोग मेंदूत गेला, तर तो फुप्फुसाचाच कर्करोग राहतो, आणि औषधही मुळाचा विचार करूनच ठरवावे लागते. हा मुद्दा शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावा.

पण औषध पोचवणार कसे? १८८५ साली पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाला दिसले की, प्राण्याच्या रक्तात रंग टोचला तर सारी इंद्रिये रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना जणू वेस आहे आणि वेशीवर पहारेकरी. विषाला अडविणारा हा पहारेकरी बहुतेक औषधांनाही आत येऊ देत नाही. कर्करोगाची पेशी मात्र कधीकधी त्याला चुकवून शिरते आणि मग त्याच तटाआड निर्धास्त वाढते.

शिवाय कवटीच्या आतले दिसणार कसे? क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, पण त्यांत हाडे दिसतात, मेंदू दिसत नाही. १९१८ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळीत हवा भरून चित्र घेतले. गाठ असेल तर पोकळी सरकलेली दिसे. रोग्याला त्याचा जाच फार होई. याच शहरात पुढे कमलताई जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या शिकल्या, आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. भारतातील ती पहिली. गाठीवर औषध चालते की नाही, हे रोग्याला देण्याआधी काचेच्या भांड्यात पाहण्याची सोय या विद्येने झाली.

उपचारांचा मार्ग हळूहळू मोकळा झाला. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी साऱ्या डोक्याला किरणोपचार देऊन त्रास कमी होतो, हे नोंदविले. आपल्याकडे लोक याला 'लाइट देणे' म्हणतात. १९६१ साली डेक्सामेथासोनने मेंदूची सूज उतरते असे दिसले, आणि डोकेदुखीने तळमळणारा रोगी काही तासांत किंवा दिवसांत बोलू-चालू लागला. स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी नेमक्या गाठीवरच अनेक बाजूंनी किरण एकवटण्याची युक्ती काढली. १९७१ साली इंग्लंडमध्ये सीटी स्कॅनने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे काप पडद्यावर दाखविले.

१९९० सालचा एक प्रयोग तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत केंटकी येथे मेंदूत एकच गाठ असलेल्या ४८ रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांना नुसते किरण दिले, बाकीच्यांची गाठ आधी काढून मग किरण दिले. पहिल्या गटाचे आयुष्य मध्यमानाने १५ आठवडे, दुसऱ्याचे ४०. स्वतःची कामे स्वतः करता येण्याचा काळ ८ आठवड्यांवरून ३८ वर गेला. त्याहून शिकण्यासारखे हे की, आरंभी ५४ रोगी घेतले होते. गाठीचा तुकडा तपासला तेव्हा त्यांतील सहा जणांची गाठ पसरलेल्या कर्करोगाची नव्हतीच! म्हणजे नुसते चित्र पाहून "आता सगळे संपले" म्हणणे ही केवढी मोठी चूक ठरली असती.

आज मूळ गाठीच्या पेशीतील बदल तपासून काही फुप्फुसांच्या आणि स्तनांच्या कर्करोगांत वेस ओलांडणारी औषधे देता येतात. रोग दर वेळी बरा होतोच असे नाही, ते सांगणे खोटे होईल. पण कित्येकांना अधिक दिवस, आणि ते दिवस शुद्धीत, माणसांत बसून काढता येतात.

म्हणून मंडळी, एवढे लक्षात ठेवा. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाला नवी डोकेदुखी, विशेषतः सकाळची, उलटी, झटका, एका हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळणे किंवा स्वभावात एकाएकी बदल दिसला, तर त्याला बाहेरची बाधा किंवा वयाचा दोष म्हणून घरी ठेवू नका. जुने कागद घेऊन दवाखाना गाठा. त्या कागदांवरूनच डॉक्टरांना बी कोठले ते कळते.

कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. उतारवयात त्यांनी अकोले तालुक्यातील राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम केले. सीताफळाच्या पेशीपासून निघालेली ही वाट भाकरीपर्यंत आली. आपल्या वर्गातील एखाद्या मुलीने "बी इथेच का उगवले, तिथे का नाही?" असे विचारले, तर गुरुजी, तिला गप्प बसवू नका. याच प्रश्नाने वैद्यकाला इथवर आणले आहे.