तेरेखोल : किल्ल्याचे अतिथिगृह होते तेव्हा

१/ तेरेखोल नदी अरबी समुद्राला मिळते, तिथे उत्तर तीरावरच्या टेकडीवर एक छोटा किल्ला उभा आहे. भूभाग गोव्याचा; पण जमिनीच्या बाजूने वेढा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा. दक्षिणेला, नदीपलीकडे, केरीचा किनारा.

२/ सतराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांनी तो बांधला. नदीच्या मुखातून ये-जा करणाऱ्या गलबतांवर इथून नजर ठेवता येई.

३/ १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदाने तो जिंकला. त्याच मोहिमेत हळर्णचा किल्लाही पडला आणि त्या विजयावरून त्याला 'आलोर्नाचा मार्किश' ही पदवी मिळाली. पुढे किल्ल्याच्या आवारात सेंट अँथनीचे चर्च उभे राहिले.

४/ १५ ऑगस्ट १९५४. गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींनी याच तटावर तिरंगा फडकवला. त्यांना अटक झाली. गोवा मुक्त व्हायला १९६१चा डिसेंबर उजाडावा लागला.

५/ तोफांचे काम संपले की किल्ल्याचे करायचे काय? पोर्तुगालने ओबिदुशच्या किल्ल्यात 'पौझादा', म्हणजे प्रवासी निवास थाटला. तेरेखोललाही मुक्तीनंतर तोच मार्ग लाभला : पहारेकऱ्यांच्या जागी पाहुणे आले.

६/ वापरात असलेली वास्तू ढासळत नाही, हा या पुनरुज्जीवनाचा लाभ. मात्र सज्जातून समुद्र पाहणाऱ्या पाहुण्याला १९५४ चा तिरंगा ठाऊक नसेल, तर भिंती वाचल्या आणि इतिहास हरवला, असेच म्हणावे लागेल.