स्टोरेज एरिया नेटवर्क : उपकरणांचा शोध व व्यवस्थापन

सर्व्हर आणि सामाईक डिस्कसंच (स्टोरेज अ‍ॅरे) यांना जोडणाऱ्या स्वतंत्र, वेगवान जाळ्याला स्टोरेज एरिया नेटवर्क, व्यवहारात नुसते ‘सॅन’, म्हणतात. या जाळ्यात कोणती उपकरणे आहेत हे हुडकणे, त्यांची ओळख पटवणे, कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क दिसावी हे ठरवणे आणि पुढे त्या जोडण्या सांभाळणे ही कामे येथे अभिप्रेत आहेत. सॅनवरून सर्व्हरला फाइल मिळत नाही, नुसते ब्लॉक मिळतात. त्यामुळे दूरची डिस्क त्याला स्वतःच्या पेटीतलीच वाटते. दोन सर्व्हरांना एकच डिस्क ‘आपली’ वाटली आणि दोघांनी तिच्यावर लिहिले, की विदा नासलाच. विंडोज एनटीच्या काळात डिस्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अनोळखी डिस्क दिसली की तिच्यावर स्वाक्षरी लिहू का असे विचारी आणि ‘हो’ म्हणताच लिहून मोकळा होई. ती डिस्क शेजारच्या युनिक्स सर्व्हरची असली तर पुढचे सांगायला नको.

जुन्या समांतर स्कझी केबलवर शोध सोपा होता. पत्ते ८ किंवा १६; प्रत्येकाला हाक मारायची, ओ देईल ते उपकरण. १९९४ मध्ये अमेरिकी मानक म्हणून मान्य झालेल्या फायबर चॅनलने २४ बिटांचा पत्ता आणला. इतक्या बिटांत सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते बसतात. एकेकाला हाक मारत बसणे अशक्य. म्हणून यादी ठेवण्याची जबाबदारी स्विचवर आली. सर्व्हरातील एचबीए (होस्ट बस अ‍ॅडॅप्टर) कार्डाची केबल स्विचला लागताच कार्ड एका राखीव पत्त्यावर ‘फॅब्रिक लॉगिन’ (फॅब्रिक म्हणजे स्विचांचे जाळे) करते आणि स्विच त्याला पत्ता देतो. पत्त्याचे तीन भाग असतात : कोणता स्विच (डोमेन, १ ते २३९), त्यावरचा कोणता भाग, कोणते पोर्ट. मग कार्ड स्विचमधील नेम सर्व्हरकडे आपली नोंद करते आणि ‘माझ्या झोनमध्ये (एकमेकांशी बोलण्याची मुभा असलेल्यांच्या गटात) कोण कोण आहे?’ असे विचारते. उत्तरात आलेल्या अ‍ॅरेच्या पोर्टांवर लॉगिन करून ‘रिपोर्ट लन्स’ ही आज्ञा धाडली, की त्या पोर्टामागे या सर्व्हरसाठी मांडलेल्या डिस्कांची, म्हणजे लनांची, यादी हाती येते. नंतर कोणी आले-गेले तर स्विच नोंदलेल्यांना बदलाची सूचना पाठवतो. पूर्वी या सूचनांचाच उपद्रव होई : एक सर्व्हर रीबूट झाला की भलत्याच ठिकाणी चाललेला टेपचा बॅकअप तुटे.

पत्ता केबलीच्या जागेवर अवलंबून असतो. उपकरणाची पक्की ओळख म्हणजे कारखान्यातच दिलेले ६४ बिटांचे वर्ल्ड वाइड नेम. घर बदलले तरी माणसाचे नाव बदलत नाही, तसे. स्विचवरील झोनिंग आणि अ‍ॅरेवरील लन मास्किंग ही दोन्ही बंधने बहुधा या नावांवर बेतलेली असतात. झोनिंग कोणी कोणाशी बोलावे हे ठरवते, मास्किंग कोणाला कोणता लन दाखवावा हे. एका झोनमध्ये एकच एचबीए पोर्ट ठेवण्याची शिस्त कंटाळवाणी आहे, पण ती पाळलेली बरी. जळालेले एचबीए बदलले की नाव बदलते. झोन आणि मास्क दोन्ही सुधारेपर्यंत सर्व्हर आंधळा राहतो.

नवा लन लिनक्स सर्व्हरला दिसत नाही, ही नित्याची तक्रार. अनुभवी माणूस सर्व्हरपासून सुरुवात करत नाही. तो आधी स्विचवर लॉगिन झाले का ते पाहतो, मग नेम सर्व्हरमधील नोंद, मग झोन लागू केला की नुसताच जतन केला, मग मास्किंग. शेवटी सर्व्हरवर रीस्कॅन. रीस्कॅननंतर लन दिसतो तो बहुधा चार वेळा : दोन एचबीए पोर्ट, दोन स्वतंत्र फॅब्रिक, प्रत्येकात अ‍ॅरेची दोन पोर्टे, म्हणजे चार वाटा आणि एसडीबी ते एसडीई अशी चार नावे. डिस्क एकच. हे ‘इन्क्वायरी’ आज्ञेच्या ८३ क्रमांकाच्या पानावरील अभिज्ञापकावरून कळते आणि मल्टिपाथ हा सॉफ्टवेअरचा थर चारही वाटा एका नावाखाली आणतो. हा थर बसवला नसेल तर एसडीबीवर फाइल सिस्टिम असताना एसडीडी रिकामी समजून तिच्यावर दुसरी बनवणारा कोणीतरी भेटतोच.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध पुण्यामार्फत येतो. व्हेरिटास कंपनीचे मोठे विकसनकेंद्र पुण्यात होते आणि तिचा व्हॉल्यूम मॅनेजर हा उपकरणशोधाचा नमुनेदार अभ्यासविषय आहे. त्यात शोधासाठी स्वतंत्र थर असून प्रत्येक जातीच्या अ‍ॅरेसाठी वेगळी लायब्ररी जोडता येते. कोणता अ‍ॅरे, कोणता अनुक्रमांक, कोणती वाट सक्रिय आणि कोणती राखीव, हे ती लायब्ररी सांगते. नवा अ‍ॅरे बाजारात आला तरी मूळ उत्पादन उकलावे लागत नाही. २००५ मध्ये व्हेरिटास सिमँटेकमध्ये विलीन झाली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी निघाली. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा विदासंरक्षणाचा व्यवसाय कोहेसिटीकडे गेला आणि उरलेला आर्कटेरा या नावाने राहिला.

निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच पडद्यावर सांभाळावीत यासाठी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या स्टोरेज नेटवर्किंग इंडस्ट्री असोसिएशनने एसएमआय-एस हे मानक तयार केले. ते २००४ मध्ये अमेरिकी आणि २००७ मध्ये आयएसओ मानक झाले. मानक उत्तम, पण बोजड. बऱ्याच ठिकाणी स्विच आणि अ‍ॅरे ज्याच्या त्याच्या कंपनीच्याच साधनाने चालत राहिले. २०१६ मध्ये त्याच संस्थेने स्वोर्डफिश हा वेबच्या वळणाचा हलका पर्याय मांडला.

लन काढून टाकणे हे जोडण्यापेक्षा जोखमीचे काम असते, आणि पुस्तकांत त्याला ओळभर जागा मिळते. क्रम उलटा हवा : फाइल सिस्टिम उतरवणे, मल्टिपाथची नोंद पुसणे, सर्व्हरवरून एकेक वाट काढणे आणि मगच मास्किंग सोडणे. अ‍ॅरेवरून आधी काढले तर सर्व्हरवर मेलेल्या वाटा उरतात. तोच लन क्रमांक पुढे दुसऱ्या डिस्कला दिला, तर जुन्या नावाखाली नवीच डिस्क उभी राहते.

साध्या इथरनेटवर चालणाऱ्या आयस्कझीत (पहिले मानक एप्रिल २००४) असा जाणता स्विच नसतो. तेथे सर्व्हरला अ‍ॅरेचा आयपी पत्ता हाताने द्यावा लागतो. मग ३२६० क्रमांकाच्या पोर्टावर ‘सेंडटार्गेट्स’ विचारून उरलेली नावे मिळतात. नेम सर्व्हरची उणीव भरून काढण्यासाठी आयएसएनएस (२००५) आले, परंतु लहान मांडण्यांत ते क्वचितच बसवतात. २०१६ च्या एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स या मानकाने शोधासाठी वेगळा डिस्कव्हरी कंट्रोलरच नेमला. टीसीपीवर तो ८००९ क्रमांकाच्या पोर्टावर ऐकतो आणि डिस्क कोठे आहेत एवढेच सांगतो. स्वतःजवळ एकही डिस्क ठेवत नाही.