जठरव्रणाचा माग

१९११ सालची गोष्ट. मँचेस्टर येथें रदरफोर्डच्या प्रयोगशाळेंत काम करणारा हंगेरियन तरुण जॉर्ज हेवेशी ज्या घरीं जेवीत असे, तेथील मालकीण पानांत उरलेलें अन्न पुनः वाढते असा त्यास संशय होता. त्यानेंच पुढें सांगितल्याप्रमाणें, एके दिवशीं त्यानें आपल्या उरल्या अन्नांत किरणोत्सर्गी द्रव्याचा सूक्ष्म अंश मिसळला. कांहीं दिवसांनीं ताटांत आलेल्या पदार्थापाशीं विद्युद्दर्शक धरतांच सारा प्रकार उघडकीस आला. आपला ठावठिकाणा आपणच सांगणारा हा अणु हेवेशीनें पुढें शास्त्राच्या सेवेस लाविला व त्याबद्दल त्यास १९४३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हाच अणु जठरांतील व्रण दाखवील काय? बेरियमचें मिश्रण पाजून क्ष-किरणांनीं काढलेल्या चित्रांत जठराची आकृति उमटे. परंतु उथळ व्रण त्यांतून निसटे. व्रणालाच जाऊन चिकटेल असें कांहीं हवें होतें. सुक्राल्फेट नांवाच्या औषधाचा हा गुणच आहे. आम्लांत तें उघड्या जखमेवर लेपाप्रमाणें बसतें. कॅलिफोर्नियांतील वैद्यांनीं त्यास टेक्नेशियमची जोड दिली व १९८३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या टेक्नेशियमची शक्ति ६ तासांत निम्मी होते. त्याचे किरण शरीराबाहेरील कॅमेरा टिपतो. उपाशीपोटीं घेतलेलें औषध पुढें सरके व व्रणावर राहिलेला अंश चित्रांत चमके.

युक्ति सुंदर होती. पण घशांतून दुर्बीण उतरवून व्रण प्रत्यक्ष पाहणें अधिक खात्रीचें ठरलें. शिवाय मूळ प्रश्न राहिलाच होता: हा व्रण होतो कशानें? आम्ल आणि चिंता यांवर दोष ठेवण्याची रूढि होती. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें वॉरन व मार्शल यांनीं जठरांत राहणारा एक जंतु वाढवून दाखविला. १९८४ सालीं मार्शलनें तो स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. वेदनाशामक गोळ्यांनींही व्रण होतात. परंतु पुष्कळ व्रणांचें मूळ हा जंतूच होय. २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां अणूस नवें काम मिळालें. हा जंतु युरियाचें विघटन करतो. १९८८ सालीं मार्शल व त्याच्या सहकाऱ्यानें किरणोत्सर्गी कार्बन असलेला युरिया रोग्यास देऊन त्याचा श्वास तपासला. जठरांत जंतु असल्यास कांहीं मिनिटांतच तो कार्बन उच्छ्वासांत उतरे. चित्र नाहीं, दुर्बीण नाहीं. एका फुंकरीनें निदान! व्रण कोठें आहे हें सांगून अणूनें जें साधलें नव्हतें, तें तो कोण करतो हें सांगून साधलें. कारण गुन्हेगार सांपडल्यावर जंतुनाशक औषधांनीं रोग मुळासकट घालवितां येऊं लागला.